चिंचेखालचा लाकडी पार

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून सगळ्यांनी आठवणी सांगितल्या. समितीने मला मात्र हिशेबाचं काम दिलंय, त्यामुळे जेवणानंतरच्या सुस्तीत तुम्हाला थोडं जागं राहावं लागणार आहे.

आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीने शाळेला काय भेट द्यावी, यावर ग्रुपवर तीन महिने चर्चा चालली. शेवटी बाईंनी विषय मिटवला. मैदानाच्या कडेच्या चिंचेचा सिमेंटचा पार मुळांनी फोडलाय, त्याच्या कपच्या निघतात, मुलं तिथेच डबा खातात, त्याचं काहीतरी करा, असं त्या म्हणाल्या. तिथे लाकडी डेक करायचं ठरलं. पैसेही जमले. दोन अंदाजपत्रकं आली आहेत. ती वाचून समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या घराच्या गच्चीवर सागवानी डेक होत असताना मी महिनाभर सुतारांच्या मागे मागे फिरत होते. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहिते. लाकडातलं जे कळतं ते विचारून, वाचून आणि उघडून पाहून कळलेलं आहे. आपला एक वर्गमित्र सुतारकाम करतो. त्याने स्वतःच्या तुकडीचं कंत्राट घ्यायला साफ नकार दिला, पण मला चार संध्याकाळी शिकवणी दिली. नाव घेऊ नकोस, असं त्याने बजावलंय. आज मी बोलणार त्यातला निम्मा भाग त्याचा आहे.

पहिला प्रश्न आपल्यातल्या बऱ्याच जणांनी विचारला. लाकूडच का? पुन्हा सिमेंटचा किंवा चिऱ्याचा पार बांधला तर पन्नास वर्षं बघायला नको. प्रश्न रास्त आहे. उत्तर चिंचेकडे आहे. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक करून वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात. त्यांना पाणी लागतं, तशी हवाही लागते. खोडाभोवती भराव घालून वर सिमेंटचा थर दिला की दोन्ही बंद. झाड मग मुळं वर काढतं आणि पार फुटतो. आपण पुन्हा बांधतो, झाड पुन्हा फोडतं. या भांडणात एक दिवस झाड हरेल. लाकडी डेक सुट्या सुट्या दगडांवर उभा राहतो. मधली माती मोकळी राहते आणि पाऊस फटींतून खाली मुळांपर्यंत जातो. लाकूड घ्यायचं कारण एवढंच आहे. डेक दिसायला छान असतो हे खरं, पण तेवढ्यासाठी मी तुमचे पैसे मागितले नसते.

आता लाकूड कोणतं. आपल्या अमेरिकेतल्या मित्राने इपे सुचवलं. तिकडे डेक म्हटलं की इपेचं नाव पहिलं येतं, आणि ते आहेच तसं. दक्षिण अमेरिकेतलं हे लाकूड इतकं जड आहे की पाण्यात बुडतं. घनमीटरला हजार किलोच्या वर भरतं. आपलं सागवान साडेसहाशेच्या आसपास. इपेत खिळा जात नाही, करवतीची धार उतरते, आणि ते दशकानुदशकं टिकतं. पण त्याची जंगलतोड एवढी झाली की नोव्हेंबर २०२४ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या परवान्याखाली आला आहे. शाळेच्या पारासाठी ॲमेझॉनचं झाड समुद्रापलीकडून आणायचं कारण मला दिसत नाही. उष्ण कटिबंधातलं उत्तम कठीण लाकूड आपल्याच राज्यात होतं. बल्लारपूर, आल्लापल्लीचं सागवान देशभर जातं.

सागवान म्हटलं की सगळे निर्धास्त होतात. इथे जरा थांबा. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानी 'त्रिंकोमाली' बांधली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. हे उदाहरण लाकडाचे व्यापारी आनंदाने देतात. तिची किती दुरुस्ती झाली, किती भाग बदलले, हे ते सांगत नाहीत. सागवान टिकतं ते त्याच्या गाभ्यामुळे. तपकिरी-सोनेरी गाभ्यात तेल असतं, वाळवी आणि बुरशी त्याला सहसा लागत नाही. बाहेरचा फिकट, पांढुरका भाग मात्र साध्या लाकडासारखाच कुजतो. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागाच्या बारीक ओंडक्यात हा पांढरा भाग खूप निघतो. म्हणून अंदाजपत्रकात नुसतं 'सागवान' लिहून भागत नाही. 'पांढरा भाग नसलेल्या, गाभ्याच्या फळ्या' असं लिहून घ्यायचं. वखारीत जाऊन फळीच्या दोन्ही कडा पाहिल्या की फरक डोळ्यांनी दिसतो.

आता मुख्य गोष्ट. समुद्राजवळच्या एका हॉटेलचा सागवानी डेक तीन पावसाळ्यांत मऊ पडला होता. हॉटेलचं नाव नको. आपला सुतार मित्र तो उघडत असताना मीही पाहायला गेले होते. फळ्यांचं लाकूड चांगलं होतं. पण खालच्या कड्या सरळ काँक्रीटवर टेकवल्या होत्या आणि तिथे पाणी साचत होतं. कडेने शोभेच्या पट्ट्या मारून हवा बंद केली होती. फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या होत्या, त्या फुगल्या आणि मधून उचलल्या गेल्या. स्क्रू साधे लोखंडी, त्यांच्या भोवती काळे डाग. फळीच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला तर लोण्यात गेल्यासारखा आत गेला. लाकूड महाग घेतलं होतं, बसवणं स्वस्तात उरकलं होतं.

मित्र तेव्हा म्हणाला की डेक म्हणजे कडीपाटच, फक्त डोक्यावर छप्पर नसलेला. आपल्यापैकी ज्यांनी वाड्यात किंवा माडीच्या घरात दिवस काढलेत त्यांना कडीपाट माहीत आहे. खाली कड्या, वर पाट. घरातला कडीपाट दीडशे वर्षं टिकला, कारण तो कोरडा राहिला. त्याचे खांब मातीत पुरलेले नसायचे, तळखड्यावर उभे असायचे. तोच कडीपाट कोकणच्या पावसात उघडा ठेवायचा तर तीन गोष्टी अडवायच्या नाहीत. पाणी, हवा आणि लाकूड.

पाणी अडू नये, म्हणजे कुठेही साचू नये. २० टक्क्यांपेक्षा कमी ओल असलेलं लाकूड सहसा कुजत नाही. भिजलं आणि वाळलं, तर बिघडत नाही. भिजून तसंच राहिलं की बुरशीचं फावतं. पाणी बसून राहतं ते जिथे लाकूड लाकडाला टेकतं तिथे. म्हणजे कडीच्या माथ्यावर, जोडात, स्क्रूच्या भोकात. त्यासाठी प्रत्येक कडीच्या माथ्यावर डांबरी पट्टी चिकटवायची. ती पट्टी कडीपेक्षा थोडी रुंद हवी, म्हणजे पाणी कडेने ठिबकून जातं. दुसरी जागा फळीचं टोक. लाकूड म्हणजे नळ्यांची मोळी आहे असं समजा. बाजूने पाणी हळू शिरतं, टोकाकडून सरळ ओढलं जातं. म्हणून फळी कापली की त्याच दिवशी टोकाला मेणाचा लेप द्यायचा. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि सगळ्यात आधी हेच विसरलं जातं.

हवा अडू नये. डेकची उंची दीड फूट ठरवली आहे, म्हणजे मुलांना पाय सोडून बसता येईल आणि खाली जवळपास फूटभर पोकळी राहील. कडेने फळ्या मारून ती बंद करायची नाही. सरांनी लगेच विचारलं, खाली साप, कुत्री शिरतील त्याचं काय? बरोबर आहे. कडेने बारीक भोकांची जस्ताची जाळी लावू. एका बाजूची जाळी उघडता येईल अशी ठेवू, म्हणजे खालचा पाला काढता येईल. खाली खरकटं आणि अडगळ राहिली की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. उघडा तळखडा असण्याचा आणखी एक फायदा आहे. वाळवी जमिनीतून मातीची नळी करत वर चढते. दगडावर ती नळी लगेच दिसते आणि खराट्याने मोडता येते. खांब मातीत पुरला तर वाळवी आतून चढते आणि आपल्याला कळतं तेव्हा खांब पोकळ झालेला असतो.

लाकूड अडू नये. भूगोलाच्या तासाला आपण आर्द्रता शिकलो, पण ती फळीला कळते हे सरांनी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतल्या लाकडात १२ टक्क्यांच्या आसपास ओल असते आणि पावसाळ्यात ती १८-२० पर्यंत जाते. तेवढ्या फरकाने सागवानाची ४ इंची फळी रुंदीत साधारण दीड मिलिमीटर फुगू शकते. लांबीत जवळजवळ काहीच नाही. दीड मिलिमीटर म्हणजे किती, असं वाटेल. आपला डेक १४ फूट रुंद आहे, ४० फळ्या. ४० गुणिले दीड म्हणजे ६० मिलिमीटर, जवळजवळ अडीच इंच. त्याला जागा दिली नाही तर तो स्क्रू उपटून जागा करून घेतो. म्हणून दोन फळ्यांत दोन सूत फट. आमच्या गणिताच्या बाईंनी मिलिमीटर शिकवले, सुतार अजून सुतात मोजतो. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरच्या थोडं वर. फळ्या बसवताना दोन सूत जाडीचा तुकडा मध्ये ठेवून बसवायच्या. डोळ्यांनी अंदाज करायचा नाही.

यासाठी फळ्या आधी वाळलेल्या हव्यात. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. दोन टोच्या लाकडात रुतवल्या की आकडा दिसतो. फळ्या येतील त्या दिवशी मी ते घेऊन येणार आहे. १२ ते १५ टक्के असेल तर उतरवून घ्यायच्या, नाहीतर गाडी परत. त्यानंतरही शेडमध्ये, मध्ये पट्ट्या घालून, हवेशीर थप्पी लावून त्या निदान तीन आठवडे इथल्या हवेत ठेवायच्या.

आता स्क्रू. समुद्र इथून जवळ आहे, खारी हवा आहे, म्हणून ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील. ३०४ आतल्या गावांत चालतं, किनाऱ्यावर त्याला गंजाचे ठिपके पडतात. साधं लोखंड तर नकोच. लाकडातलं टॅनिन, ओल आणि लोखंड एकत्र आलं की काळा डाग पडतो, आणि पुढे स्क्रूही खलास. प्रत्येक कडीवर प्रत्येक फळीला दोन स्क्रू, आधी भोक पाडून. भोक न पाडता मारला तर फळी टोकाला चिरते, आणि ती चीर म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. एका अंदाजपत्रकात स्क्रू न दिसणाऱ्या छुप्या क्लिपा आहेत. घरात त्या छान दिसतात. शाळेत मला दिसणारे स्क्रू हवे आहेत. माझ्या कामात मी एक गोष्ट शिकले. जो भाग बिघडणार आहे तो बाकीच्याला धक्का न लावता काढता आला पाहिजे. दहा वर्षांनी एखादी फळी चिरली तर शाळेच्या शिपाईकाकांना ती एकटी काढून बदलता यायला हवी.

वजनाचंही सांगते. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात घरातल्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरतात. माणसं उभी राहून जमतात अशा सभेच्या जागेसाठी ५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलो. मधल्या सुट्टीत तिथे किती मुलं चढतील आणि उड्या मारतील, हे शिक्षकांना सांगायला नको. आपल्या सिव्हिल इंजिनिअर मित्राने ५०० किलोचं गणित करून दिलंय. कड्या मध्य ते मध्य १६ इंचांवर येतात. एका अंदाजपत्रकात त्या २४ इंचांवर आहेत. एक इंची फळी तेवढ्या अंतरात पायाखाली लवते.

चिंचेजवळची कामं वेगळी. खड्डे कुदळीने आणि हाताने. जेसीबी त्या आवारात शिरणार नाही. जाड मूळ लागलं तर खड्डा सरकवायचा, मूळ तोडायचं नाही. खोडात एकही बोल्ट मारायचा नाही. खोडाभोवती अर्धा फूट मोकळी जागा, आणि तिथे मुलाचा पाय अडकू नये म्हणून गोल पाठीचा बाक. आतल्या फळ्या अशा बसवायच्या की खोड वाढलं तर पुढे कापता येतील.

वरून काय लावायचं, यावर ग्रुपवर दोन पक्ष आहेत. व्हार्निश नको. उन्हापावसात त्याचा पापुद्रा सुटतो, पाणी त्याच्याखाली शिरतं आणि बाहेर पडत नाही. काहींच्या वडिलांनी काजूच्या टरफलांचं तेल सुचवलं. होड्यांना ते लावतात आणि ते गुणाचंही आहे, पण कातडीला लागलं तर भाजतं. अनवाणी मुलांच्या पायाखाली ते नको. तेल दिलं तर सोनेरी रंग टिकतो, पण दरवर्षी द्यावं लागतं. काहीच दिलं नाही तर सागवान राखाडी होतं. हा राखाडी रंग वरच्यावर असतो, आतल्या लाकडाला त्याने काही होत नाही. माझं मत, राखाडी होऊ द्यावं. तेलाचे पैसे साफसफाईला ठेवावे.

कारण साफसफाई आपल्याला चुकणार नाही. चिंचेचा बारीक पाला दोन सुताच्या फटीत नेमका अडकतो. तो कडीवर साचला, ओला राहिला, की डांबरी पट्टी, मेण, स्टेनलेस स्टील सगळं व्यर्थ. शिवाय सावलीत शेवाळ धरतं आणि त्यावरून मुलं घसरतात. म्हणून वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, जुन्या हॅक्सॉ ब्लेडने फटी मोकळ्या करायच्या, खराटा आणि पाण्याने डेक घासायचा, सैल झालेले स्क्रू आवळायचे, तळखड्यांवर वाळवीची नळी दिसते का ते पाहायचं. चार माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम.

आता दोन्ही अंदाजपत्रकं समोरासमोर ठेवते. पहिल्यात फळ्या दीड इंच जाड आहेत, वर चकाकी आहे, आपल्या तुकडीच्या नावाची पितळी पाटी आहे. दुसऱ्यात फळ्या एक इंची, पाटी नाही. त्याचा बराचसा पैसा खाली जातो, तळखडे, कड्या, पट्ट्या, स्क्रू यांत. पूर्ण झाल्यावर फोटोत पहिला डेक जास्त चांगला दिसेल. दुसरा आपल्याला पाचव्या पावसाळ्यातही दिसेल. खर्च थोडा कमी करायला एक वाट आहे. स्लॅब घातला तेव्हा जुन्या इमारतीच्या सागवानी तुळया काढून मागच्या शेडमध्ये ठेवल्या होत्या. मित्राने त्या ठोकून पाहिल्या. निम्म्याहून जास्त खणखणीत आहेत. खिळे काढून त्या चिरल्या तर कड्यांचं काम होईल. ज्या छताखाली आपण पाढे म्हटले ते छत या डेकच्या खाली जाईल. कुणाला दिसणार नाही, पण भार तेच घेईल.

शाळेच्या मागे एक घसरगुंडी आहे, तुम्ही सकाळी पाहिली असेल. आपल्या आधीच्या कुठल्या तरी तुकडीची भेट. पाटी शाबूत आहे, पत्रा गंजून भोकं पडलीत, मुलांना तिकडे जायची मनाई आहे. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. नंतर कोण बघणार, एवढंच ठरलं नव्हतं. शाळेला भेट दिली की ती सांभाळायचं ओझंही आपण शाळेला देतो. हा विचार पैसे देणाऱ्याने करायचा असतो, कारण भेट घेणाऱ्याला तो प्रश्न विचारायला संकोच वाटतो.

म्हणून तीन गोष्टींवर आज हात वर करून निर्णय घ्यावा, अशी विनंती आहे. एक, दुसरं अंदाजपत्रक मंजूर करायचं. दोन, जमलेल्या रकमेतला काही भाग खर्च न करता देखभालीसाठी शाळेच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा, आणि सहा फळ्या व स्क्रूंचा एक डबा शेडच्या माळ्यावर राखून ठेवायचा. तीन, गावात आणि जवळपास राहणाऱ्या आपल्यापैकी चार जणांनी वर्षातले ते दोन अर्धे दिवस स्वतःकडे घ्यायचे. शाळेच्या कार्यालयात एक वही राहील. कोण आलं, काय पाहिलं, कोणती फळी बदलली, हे तारखेसह लिहायचं. पुढची तुकडी ती वही वाचून पुढे चालू ठेवेल.

तिसऱ्या मुद्द्याला चार हात वर आले नाहीत, तर मी समितीला सांगेन की डेक करू नका. फुटलेला सिमेंटचा थर हाताने काढून घ्या, चिंचेची माती मोकळी करा, आणि खोडापासून दूर चिऱ्याचे सुटे बाक ठेवा. तीही चांगली भेट होईल. झाड वाचेल, मुलं डबा खातील. वाईट फक्त एकच होईल, चांगलं लाकूड आणून ते कुजायला ठेवणं.

कामाच्या पहिल्या दिवशी मी पाणसळ आणि ओल मोजायचं यंत्र घेऊन येईन. काम संपल्यावर आपण डेकवर बादलीभर पाणी ओतू आणि पाहू. ते सगळं खाली गेलं, कुठे डबकं उरलं नाही, तर कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता द्यायचा.

मंडळी, एवढं बोलून थांबते. आता हात वर करा. बाई मोजतील.